समाचारास आलेली वृत्तपत्रे

मराठीत ‘समाचार’ हा शब्द तीन अर्थांनी चालतो. समाचार म्हणजे बातमी. समाचारास जाणे म्हणजे दुखणेकऱ्याची अथवा शोकात पडलेल्या घराची विचारपूस करावयास जाणे. आणि एखाद्याचा समाचार घेणे म्हणजे त्याला त्याच्या करणीचा जाब विचारणे. वृत्तपत्राच्या धंद्यात या तिन्ही अर्थांची गाठ पडते. एखाद्या गावावर संकट कोसळले म्हणजे वार्ताहर तेथे बातमीसाठी जातो. जाताच त्याला शोकाकुल घराच्या ओसरीवर पाऊल ठेवावे लागते. आणि ज्यांच्या हयगयीने वा दुष्टाव्याने ते संकट आले त्यांना जाब विचारणे हेही त्याच्याच कर्तव्यात मोडते. यांपैकी कोणते काम कोणत्या दारी करावे, याविषयी आपल्याकडे मोठा घोटाळा माजलेला आहे. त्याचा विचार भंडारा जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासाच्या आधाराने करावा, असा आमचा हेतू आहे.

भंडारा जिल्हाच का, असे वाचक विचारतील. वैनगंगेच्या काठचा, धानाचा आणि तलावांचा हा जिल्हा मुंबई-पुण्याच्या पत्रांत एरवी क्वचितच दिसतो. परंतु २००६, २०१३, २०२१ आणि २०२५ या चार साली त्याचे नाव देशभर गेले, आणि चारही वेळा कारण मृत्यूचे होते. एकाच जिल्ह्यात, वीस वर्षांच्या आत, वृत्तपत्रे शोकाशी किती निरनिराळ्या रीतींनी वागतात हे येथे एकत्र पाहावयास मिळते. दूरची उदाहरणे गोळा करण्यापेक्षा असा एकच मुलूख नीट न्याहाळणे अधिक बोधप्रद होय.

आपल्या समाजाने शोकाच्या घरी कसे वागावे याचे नियम कोणत्याही कायद्याची वाट न पाहता फार पूर्वी घालून दिलेले आहेत. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठले-भात करून आणतात. समाचारास आलेला मनुष्य ओसरीवर बसतो, फारसे बोलत नाही, आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाही. मृत्यू कसा झाला हे घरच्यांनी आपण होऊन सांगितले तर तो ऐकतो. खोदून विचारीत नाही. या रिवाजांत काही भाग भाबड्या समजुतींचा असेल, परंतु त्यांच्या मुळाशी एक शहाणपण आहे. ज्याचे माणूस गेले त्याच्याकडून त्या वेळी काही घ्यावयाचे नसते, त्याला द्यावयाचे असते, हे ते शहाणपण. वार्ताहर मात्र काही घेण्याकरिताच आलेला असतो. त्याच्या धंद्याची पंचाईत येथेच सुरू होते.

ही पंचाईत आजची नव्हे. १८९७ साली पुण्यात प्लेगाचा कहर झाला आणि रँडसाहेबांच्या अमलाखाली गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊ लागले. रोग्यास शोधण्याच्या निमित्ताने माजघरात आणि देवघरात शिरणे, सामान बाहेर काढून जाळणे, रुग्णास आप्तांपासून तोडून इस्पितळात नेणे, असे प्रकार चालू होते. त्या वेळी शोकाच्या घरात घुसणारे सरकार होते, आणि त्या घराच्या वतीने बोलणारे वृत्तपत्र होते. ‘केसरी’ने त्या वेळी जे लिहिले त्याने मराठी वृत्तपत्रांची नैतिक पत वाढविली. दुःखिताच्या बाजूने उभे राहून अधिकाऱ्यास प्रश्न विचारणारा, अशी वृत्तपत्राची जी मूर्ती मराठी मनात आजही आहे ती घडण्यास हे लेखन फार मोठ्या प्रमाणात कारण झाले.

परंतु त्याच वर्षी त्याच प्रकरणात दुसरीही एक गोष्ट घडली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रात शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे प्रसिद्ध केले. सरकारने पुरावा मागितला. गोखले स्वदेशी परतले तेव्हा तो पुरावा त्यांना देता येईना. आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे पुढे न ढकलता त्यांनी ऑगस्टमध्ये उघडपणे, कोणतीही पळवाट न ठेवता, क्षमा मागितली. त्या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांची बरीच निर्भर्त्सना केली. आज त्याकडे पाहिले असता त्यात दोन धडे दिसतात. दुःखिताची बाजू खरी असली तरी तिच्याविषयी छापलेले प्रत्येक वाक्य खरे ठरत नाही, हा एक. आणि ज्यांनी विश्वासाने आपल्याला सांगितले त्यांना उघडे पाडून आपली सुटका करून घ्यावयाची नसते, हा दुसरा. हे दोन्ही धडे पुढच्या शंभर वर्षांत किती वेळा विसरले गेले, ते भंडाऱ्यात पाहावे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. घरचा कर्ता पुरुष तेवढा वाचला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी विजयादशमी होती, आणि डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतरास ५० वर्षे पूर्ण होत असल्याने नागपुरात लाखो लोक जमले होते. खैरलांजी तेथून शंभर किलोमीटरांच्या आतच आहे. तरीही मोठ्या पत्रांना आणि वाहिन्यांना या हत्याकांडाची खरी दखल घ्यावयास महिना लोटला. नोव्हेंबरात विदर्भभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा कोठे त्या गावाचे नाव ठळक अक्षरांत छापले गेले. आणि तेही अनेक ठिकाणी आंदोलकांच्या दंग्याची बातमी म्हणून. आरंभीच्या त्रोटक वृत्तांत तर मारल्या गेलेल्या आईच्या चारित्र्याविषयीची गावातील कुजबुजच खुनाचे कारण म्हणून पुढे करण्यात आली. जमिनीचा तंटा आणि एका मारहाणीच्या खटल्यात त्या कुटुंबाने दिलेली साक्ष या गोष्टी मागाहून आल्या. मेलेल्या बाईला स्वतःची बाजू मांडता येत नाही, हे भान कुजबूज छापणाऱ्यांना राहिले नाही.

या प्रकरणाने एक समजूत कायमची खोडून काढली पाहिजे. शोकाच्या जागी वृत्तपत्रांनी जाऊ नये, तेथे शांतता राखावी, एवढे म्हटले की नीतीचे काम झाले, असे पुष्कळांस वाटते. खैरलांजीत वृत्तपत्रे गेली नाहीत. शांतता महिनाभर राखली गेली. आणि ती शांतता मृतांच्या सन्मानाची मुळीच नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला तो याच कारणासाठी. तेव्हाची पत्रे बहिष्कृतांचे दुःख छापीत नव्हती, म्हणून ज्यांना वाणी नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्र काढावे लागले. पुढे १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीस ते याच भंडाऱ्यातून उभे राहिले व पराभूत झाले. ज्या जिल्ह्याशी त्यांचा असा संबंध आला त्याच जिल्ह्यात, ‘मूकनायक’ निघाल्यास ८६ वर्षे लोटल्यावरही, मौनाचा तोच अनुभव यावा ही साधी गोष्ट नव्हे. कोणाचा शोक हा बातमी ठरतो आणि कोणाचा ठरत नाही, हा प्रश्न कॅमेरा किती जवळ न्यावा या प्रश्नाच्या आधीचा आहे.

मौन सुटल्यानंतरचा भाग मात्र दुसऱ्या टोकाचा. चार जीव ज्याच्या डोळ्यांदेखत गेले तो वाचलेला मनुष्य पुढे सभांचा, मुलाखतींचा आणि स्मृतिदिनांचा विषय झाला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांस फाशी व दोघांस जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशी २५ वर्षांच्या कैदेवर आणली. आणि दलितांवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा या गुन्ह्यास लागू होत नाही, असे दोन्ही न्यायालयांनी ठरविले. दर टप्प्यावर त्याच मनुष्यासमोर ध्वनिक्षेपक धरले गेले. २०१७च्या जानेवारीत तो वारला. वास्तविक प्रश्न विचारावयाचा तो हा, की पहिल्या दिवसांचा तपास इतका ढिला का झाला, आणि जातीचा उल्लेख आरोपपत्रात टिकला का नाही. त्याचे उत्तर त्या वृद्धापाशी नव्हते. ते पोलीस ठाण्यात आणि सरकारी दप्तरात होते.

२०१३च्या फेब्रुवारीत लाखनी तालुक्यातील एका गावी तीन लहान बहिणींची प्रेते विहिरीत सापडली. त्यांच्यावर अत्याचार करून त्यांना मारल्याचा संशय होता. दिल्लीच्या डिसेंबरातील घटनेस तेव्हा दोन महिनेच झाले होते. साऱ्या देशाचे लक्ष अशा बातम्यांकडे लागलेले होते. गावकऱ्यांनी राष्ट्रीय महामार्ग अडविला तेव्हा वाहिन्यांचे लक्ष तिकडे वळले. पुढे १ मार्च रोजी राज्यसभेत निवेदन करताना तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी त्या मुलींची नावेच वाचून दाखविली. विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी हरकत घेतली आणि ती नावे कामकाजातून काढून टाकण्यात आली. परंतु सभागृहाचे कामकाज दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसत असता, कागदावरून पुसलेले नाव लोकांच्या कानांतून पुसले जात नाही.

अशा गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा १९८३ सालापासून भारतीय दंडविधानाच्या २२८-अ कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात तोच निर्बंध आला आहे. आणि बालकांविषयीच्या २०१२च्या कायद्यात तो अधिक कडक आहे. ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की पीडित व्यक्ती मृत असली आणि वारसांची संमती असली, तरीही सत्र न्यायाधीशांच्या निर्णयावाचून तिचे नाव प्रसिद्ध करता येणार नाही; कारण मेलेल्या माणसालाही प्रतिष्ठा असते. नाव म्हणजे केवळ अक्षरे नव्हेत. गावाचे नाव, शाळेचे नाव, विहिरीचे चित्र, आईचा चेहरा, यांतून ओळख पटतेच. म्हणूनच आम्ही येथे त्या गावाचे नाव लिहिलेले नाही. लेखाचे त्यावाचून काही अडतही नाही.

तिसरा प्रसंग ९ जानेवारी २०२१च्या पहाटेचा. रात्री दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षात आग लागली. कक्षात १७ अर्भके होती. सात वाचविण्यात आली, दहा दगावली. काही भाजून मेली, तर बहुतेक धुराने गुदमरून. उजाडल्यावर रुग्णालयाच्या आवारात मंत्री आले, पुढारी आले, आणि त्यांच्यासवे कॅमेरे आले. ज्या बायकांची बाळंतपणे होऊन पुरते महिने लोटले नव्हते त्यांचा आक्रोश दिवसभर पडद्यावर फिरत राहिला. मदतीचे धनादेश देण्याचा प्रसंगदेखील छायाचित्राचा प्रसंग झाला. त्या बहुतेक घरांत मोलमजुरीवर पोट होते. अंगणात आलेल्या माणसाला ‘आता जा’ असे म्हणण्याची सवय अशा घरांस नसते. श्रीमंताच्या बंगल्याला फाटक असते व फाटकावर पहारेकरी असतो. शोकात एकांत मिळणे हे आपल्याकडे बव्हंशी पैशावर अवलंबून आहे, ही गोष्ट आपण क्वचितच ध्यानात घेतो.

चौकशीत निष्पन्न झाले ते असे, की अर्भकांस ऊब देणाऱ्या यंत्रातील विजेच्या बिघाडाने आग लागली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला, आणि राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. हे प्रश्न वृत्तपत्रांनी विचारले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. काहींनी ते चांगले विचारले. परंतु ते टिकले नाहीत. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली. ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगीने ११ रुग्ण दगावले. भंडाऱ्यानंतर दहा महिन्यांनी, दुसऱ्या एका जिल्हा रुग्णालयात! रडणाऱ्या आयांची चित्रे दाखवावयास जितका वेळ दिला गेला, त्याचा चौथा हिस्सा जरी प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन तपासणीचा कागद मागण्यात खर्ची पडला असता, तरी त्या चित्रांचा काही उपयोग झाला असे म्हणता आले असते.

विलायतेतही हा अनुभव येऊन गेलेला आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन या खाणगावी कोळशाच्या मातीचा डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले होती. शेकडो बातमीदार त्या छोट्या गावात लोटले. एका छायाचित्रकाराने एका लहान मुलीस, चित्र चांगले यावे म्हणून, मेलेल्या सोबत्यांसाठी रडण्यास सांगितले, अशी आठवण मदतीस गेलेल्या एका इसमाने नोंदवून ठेवली आहे. पुढे न्यायाधिकरणाने ७६ दिवस साक्षी घेतल्या आणि ऑगस्ट १९६७ मध्ये राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे दोष दिला. त्या शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळापासून धोका आहे, असे स्थानिक अधिकाऱ्यांनी दोन-तीन वर्षे आधीच पत्राने कळविले होते. त्या मुलीच्या अश्रूंत अपघाताचे कारण सापडण्यासारखे नव्हते. ते एका दप्तरातील पत्रात पडून होते. उलटपक्षी, १९९६ साली स्कॉटलंडमधील डनब्लेन गावी शाळेत १६ मुलांची व त्यांच्या शिक्षिकेची हत्या झाली तेव्हा, गावाच्या विनंतीस मान देऊन, अंत्यविधींच्या वेळी वार्ताहर गाव सोडून गेले. बातमी त्यामुळे बुडाली नाही. शस्त्रांच्या परवान्यांचा प्रश्न देशभर गाजला आणि पुढे पिस्तुलांवर बंदी आली. मागे सरणे आणि जाब विचारणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, याचे हे प्रमाण होय.

येथे एक आक्षेप घेण्यात येईल, आणि तो वजनदार आहे. दुःखाचे चित्र दाखविल्यावाचून सरकार हालत नाही, आणि लोकांची मदतही वाहत नाही. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर देशभरातून जी मदत आली ती उद्ध्वस्त गावांची चित्रे पाहूनच आली. खैरलांजीच्या बाबतीतही लोकांस जागे करावयास कोणीतरी तो प्रकार उघड करणे अवश्य होते. हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु पडलेले घर दाखविणे आणि त्या घरापुढे बसलेल्या बाईच्या तोंडाशी यंत्र नेऊन ‘आपल्याला आता कसे वाटते?’ असे विचारणे, यांत अंतर आहे. पहिल्याने वाचकाला संकटाचे आकारमान कळते. दुसऱ्याने काहीच कळत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर जगात कोणालाही ठाऊक नाही असे नाही. शिवाय काही वेळा दुःखित मनुष्य स्वतः बोलू इच्छितो. आपल्या मेलेल्या लेकराची हकीकत जगाला कळावी असे त्याला वाटते. अशा वेळी त्याच्यापुढे बसून, घाई न करता, तो म्हणेल तेवढेच व तसेच लिहून घेणे हे समाचारास जाण्यासारखेच पवित्र काम आहे. बोलावयाचे की नाही आणि केव्हा, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा राहिला म्हणजे पुरे.

वृत्तपत्र परिषदेच्या आचारनियमांतही वैयक्तिक शोकाच्या क्षणांत छायाचित्राद्वारे शिरकाव करू नये असे सांगितले आहे. अपघात वा नैसर्गिक आपत्तीतील बळींची छायाचित्रे व्यापक लोकहितासाठी प्रसिद्ध करता येतील, अशी सवलतही त्यापुढे आहे. नियम समंजस आहे. परंतु परिषदेला समज देता येते, दंड करता येत नाही. आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेबाहेर आहे. तेव्हा नियमाचा खरा रखवालदार संपादकाची सदसद्विवेकबुद्धी हाच राहतो.

सरकारचाही यात वाटा आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथील आयुधनिर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मेले. संरक्षणाचा कारखाना, आत कोणास जाऊ देणार? हे समजण्यासारखे आहे. परंतु जेथे चौकशीचा अहवाल, तपासणीची नोंद आणि जबाबदार अधिकाऱ्याचे उत्तर ही तिन्ही मिळेनाशी होतात, तेथे बातमीदाराला उघडे सापडणारे दार एकच उरते, आणि ते मेलेल्या कामगाराच्या घराचे. कचेरीचे दार जितके घट्ट लावून घ्यावे, तितकी घराच्या दाराशी गर्दी वाढते. शोकाच्या घरास एकांत मिळावा असे सरकारास मनापासून वाटत असेल, तर त्याने संकटानंतर रोज ठरल्या वेळी खरी माहिती देणारा एक अधिकारी नेमावा आणि चौकशीचे अहवाल प्रसिद्ध करावे. याने अर्धे काम होईल.

उरलेला वाटा आपला, म्हणजे वाचकांचा. संध्याकाळी चहा घेता घेता आपण ज्या चित्रापाशी थबकतो तेच चित्र दुसऱ्या दिवशी मोठे होऊन येते, हे वृत्तपत्राच्या धंद्याचे उघड गुपित आहे. भंडाऱ्याच्या त्या दहा अर्भकांची नावे कोणास ठाऊक नाहीत, कारण पुष्कळांचे नामकरणही झाले नव्हते. ती ठाऊक असण्याची जरुरीही नाही. परंतु आपल्या गावच्या रुग्णालयातील बालकक्षाची तपासणी केव्हा झाली, हे आपल्यापैकी प्रत्येकाला विचारता येण्यासारखे आहे. आपल्या पत्राच्या संपादकास ते विचारावयास आपण सांगितले, आणि त्याने ते छापले तर आपण वाचले, म्हणजे पुढच्या एखाद्या घरावर समाचारास जाण्याची पाळी कदाचित येणार नाही. घराच्या दारी जावयाचे ते विचारपूस करावयास. समाचार घ्यावयाचा तो कचेरीच्या दारी. भाषेने केलेला हा भेद वृत्तपत्रांनी पाळावा, एवढेच आमचे मागणे आहे.